काठावरचा मासा आणि गटाचं कर्ज

आज बोलायचंय गळाच्या माशाबद्दल. ऐकून काही जणी हसतील. गळ म्हणजे रिकामटेकड्या पोरांचा उद्योग, असं आम्हीही आधी म्हणायचो. पण दसऱ्यापासून थंडी पडेपर्यंतच्या दीड-दोन महिन्यांत आमच्या गटातल्या सात-आठ जणींचं मीठ-मिरची या गळावर निघतं. त्याच माशावरून गेल्या वर्षी गटात मोठं भांडणही झालं. दोन्ही सांगणार आहोत.

आमचं गाव उजनीच्या काठावर. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि जुनी गावं पाण्याखाली गेली. आमच्या सासवा अजून ‘खालचं गाव’ म्हणतात, ते पाण्याकडे हात करून. पाणी फारच आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला लांबून माणसं येतात. ज्यांची शेती बुडाली त्यातल्या कितीतरी घरांनी पुढे जाळं हातात घेतलं. होडी आणि जाळं पुरुषांचं, मासे निवडणं, साफ करणं, विकणं बायकांचं, अशी वाटणी आपोआप झाली. काठावर बसून गळ टाकणं मात्र कुणाचंच काम नव्हतं, म्हणून ते आमचं झालं.

या पाण्यातला काठाचा मासा म्हणजे चिलापी. तव्यात अख्खा मावतो, एका माणसाला एक पुरतो. हा मासा मूळचा इथला नाही, आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला आणि आता असा पसरलाय की आमच्या पोरांना तो गावचाच वाटतो. त्याची एक गोष्ट बायकांना सांगितली की सगळ्या गप्प होतात. मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं बाहेर पडून पोहायला लागेपर्यंत, दहा-बारा दिवस, ती जवळजवळ काही खात नाही. त्यामुळे पिल्लंवाली मादी गळाला सहसा लागत नाही, जाळ्यात मात्र सापडते. नर उथळ पाण्यात तळाला गोल खळगे करतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की चिखलात परातीएवढे खळगे ओळीने दिसतात, ते त्यांचेच. ती जागा आत्ताच लक्षात ठेवा.

आता गळाचं. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सुटतं तेव्हा इथलं पाणी गढूळ आणि वाढतं असतं, त्या दिवसांत काठावर बसूच नका. दसऱ्याच्या आसपास ते निवळतं, बुडालेल्या गवतात आणि वेड्या बाभळींत चिलापी काठाजवळ येते. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, म्हणून आम्ही सकाळी दहापर्यंत आणि परत चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसतो. होड्या लागतात तिथे चार दगड रचून केलेली जागा आहे, तिला आम्ही धक्का म्हणतो. जाळी झटकताना तिथे बारीक खाणं पाण्यात पडतं, म्हणून मासाही तिथे घोटाळतो. वारा ज्या काठाला पाणी ढकलतो त्या काठाला बसावं. कंबरभर ते पुरुषभर पाणी पुरे, लांब फेकायची हौस नको.

काठी बांबूची, तिला काठीएवढाच तंगूस, मध्ये बुचाचा तुकडा, खाली ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं आणि लहानात लहान गळ. नवख्या बाया चुकतात ते इथेच. दुकानदार मोठा गळ देतो, आपल्याला वाटतं मोठा मासा लागेल. चिलापीचं तोंड लहान. ती आमिष कुरतडून नेते आणि आपण बघत बसतो. आमिष म्हणून गोठ्यामागच्या उकिरड्यातली गांडुळं सगळ्यांत बरी. गांडूळ हाताळायला नको वाटत असेल तर कणीक घट्ट मळा आणि त्यात कापसाचे चार धागे मिसळा, म्हणजे गोळी पाण्यात विरघळत नाही. बूच एकदम बुडेल म्हणून वाट बघू नका. चिलापी ओढते तेव्हा ते आधी तिरकं सरकतं. तेव्हाच हलका झटका द्यायचा.

मासा सोडवताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून पाठीवरचे काटे दाबून धरा. कधी शिंगटा लागतो, त्याला मोकळ्या हाताने धरू नका. त्याचा काटा बसला की हात दोन दिवस ठणकतो. आणि सोडवलेला मासा प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवू नका, तासाभरात तो मऊ पडतो. आम्ही कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून पिशवी पाण्यातच बांधून ठेवतो. निघताना काढायची, बर्फाच्या डब्यात टाकायची.

धोक्याचंही सांगतो. पाणी उतरायला लागलं की काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो, आत लोण्यासारखा असतो. पाय गेला की निघत नाही. म्हणून आमचा नियम आहे, एकटीने जायचं नाही, हातात काठी हवी, आणि गळ अडकला तर पाण्यात उतरून सोडवायचा नाही. तंगूस कापायचा. दहा रुपयांच्या गळासाठी कुणी पाण्यात उतरू नये. तुटलेला तंगूस मात्र गुंडाळून घरी आणायचा. थंडीत इथे रोहित पक्षी येतात, इतरही पाखरं असतात, त्यांच्या पायांत तो गुंततो. ज्या कोपऱ्यात पाण्यावर हिरवा तवंग आणि वास असतो तिथला मासा आम्ही घेत नाही. पुण्याकडून नदीला काय काय येऊन मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे.

विक्रीचं गणित सोपं आहे. चांगला दिवस असेल तर एकीला दीड-दोन किलो मिळतो. एवढा मासा भिगवणच्या लिलावात न्यायला परवडत नाही, गाडीभाड्यातच जातो. पण याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो, ऊसतोडीच्या टोळ्या येतात. संध्याकाळी त्यांच्या कोप्यांवर साफ केलेला मासा नेला तर अर्ध्या तासात संपतो. त्या बाया दिवसभर कोयता चालवून दमलेल्या असतात, खवले काढायला त्यांना जोर नसतो. म्हणून आम्ही खवले खरवडून, पोट साफ करून, हळद-मीठ लावूनच देतो. काटा डिजिटल, गटाच्या पैशांतून घेतलेला. वजनावरून आजवर एकदाही बोलणं झालं नाही.

चार बोटांपेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडायचा, असा आमचा ठराव आहे. आणि भांडण इथूनच सुरू झालं.

गेल्या दिवाळीच्या आधी मासिक बैठकीत आमच्यातल्या एका वहिनींनी पंचवीस हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी, तर जाळ्यासाठी. जाळं कोणतं विचारल्यावर त्या आधी बोलेनात. मग कळलं, वडापाचं. काठाजवळून ओढत नेतात ते बारीक भोकाचं जाळं. त्यात मोठ्या माशाबरोबर बोटुकलीही येते. कटला, रोहू, मृगळ हे मासे वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात त्यांची वाढ होते, पण पैदास नीट होत नाही, म्हणून त्यांचं बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. तीच बोटुकली वडापात जाते आणि सुकवून किरकोळ भावाने विकली जाते. आम्ही बैठकीतच हिशोब मांडला. वीस ग्रॅमची बोटुकली किलोत पन्नास बसते. त्यातली दहाच जगली आणि किलोकिलोची झाली, तरी दहा किलो मासा. एका किलोच्या बदल्यात आपण तो आजच संपवतो.

वहिनी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “हिशोब बरोबर आहे. पण माझ्या मालकाचा हात मोडलाय, होडी चार महिने काठाला आहे. लेकीच्या फीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तुमचा दीड किलो चिलापी त्या फीला पुरतो का?”

उत्तर कुणाकडेच नव्हतं. फीसाठी कर्ज देऊ म्हटलं, तर गटाकडे शिल्लक होती अकरा हजार. बाकीचं आधीच शेळ्यांना आणि एका दवाखान्याला गेलेलं. अकरा हजार त्यांनी घेतले नाहीत. मतदान झालं, सात जणी विरोधात, तिघी बाजूने, एक गप्प. प्रोसिडिंगमध्ये लिहिलं, ‘जाळ्याच्या कारणासाठी कर्ज नामंजूर.’ उठताना वहिनी एवढंच म्हणाल्या, “आधी आपापल्या घरातली जाळी मोजा.”

त्यांनी बाहेरून कर्ज घेतलं, आठवड्याच्या हप्त्याचं. जाळं आलं, फीही भरली गेली. पहिले दोन महिने त्यांना चांगला पैसा मिळाला, हे आम्ही लपवणार नाही. आमच्यातल्याच दोघी म्हणाल्या, बघा, आपण उगाच अडवलं. नंतर काठाला बारीक मासा कमी झाला. तो वडापामुळे की थंडीमुळे, हे ठामपणे म्हणता येत नाही, कारण थंडीत चिलापी खोल पाण्यात जातेच. हप्ता मात्र दर आठवड्याला येत राहिला.

पण त्यांचं शेवटचं वाक्य आम्हाला सोडेना. संक्रांतीनंतर आम्ही खरंच घरोघरी जाळी मोजली. कायद्याचं नंतर बघू म्हटलं, आपला आपला माप ठरवला, जाळ्याच्या भोकात तीन बोटं सहज गेली पाहिजेत. अकरा घरांपैकी तीन घरांत बारीक जाळं निघालं. त्यातलं एक तर विरोधात सगळ्यांत मोठ्याने बोललेल्या बाईंच्या घरातलं. त्यांना माहीतच नव्हतं, जाळं दिरांचं होतं. दोन घरांनी ते काढून टाकलं. एका घरात बरंच रामायण झालं आणि तिसऱ्या घरातलं जाळं आजही तसंच आहे. आम्ही नवऱ्यांशी भांडून ते आणू शकलो नाही.

हे रेडिओवर सांगताना संकोच वाटतो. पण बचत गटात कर्ज नाकारणं सोपं असतं, कारण कागदावर एक ओळ लिहायची असते. त्या बाईची तारीख कशी टळणार, याचा विचार आम्ही नकार देऊन झाल्यावर केला. म्हणून यंदा आम्ही दोन गोष्टी केल्या. गळाच्या विक्रीतून प्रत्येकीने आठवड्याला पन्नास रुपये वेगळे टाकायचे, ते फक्त फी आणि आजारपणासाठी, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. आणि कुणी न पटणाऱ्या कारणासाठी कर्ज मागितलं, तर नुसतं ‘नामंजूर’ लिहायचं नाही. तिची खरी अडचण त्याच बैठकीत लिहून घ्यायची आणि आठ दिवसांत परत बसायचं.

वहिनी गटात आहेत. बचत भरतात, बैठकीला येतात, फार बोलत नाहीत. त्यांचे अजून सात हप्ते बाकी आहेत. गेल्या बैठकीत आम्ही विचारलं, बर्फाचा मोठा डबा घ्यायचाय, ऊसतोडीच्या वस्तीवर आणि नाक्यावर विक्री तुम्ही सांभाळाल का, तुमची बोलणी चांगली आहेत. त्या म्हणाल्या, विचार करते.

परवा मंगळवारी सकाळी आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा त्यांची लेक काठी घेऊन आधीच बसलेली होती. कॉलेजला सुट्टी होती. गळ मोठा लावला होता, म्हणून काही लागत नव्हतं. तो बदलून दिला. तासाभरात तिने पाच काढल्या, त्यातली एक लहान होती, ती तिने आमच्याकडे न बघता परत पाण्यात सोडली.

पुढची बैठक शनिवारी आहे. डब्याचा आणि तिसऱ्या घरच्या जाळ्याचा, असे दोन्ही विषय आहेत. नमस्कार.