खेळातील बदलांचे टिपण कसे वाचावे
(विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून मोबाइलवरील खेळांविषयी बोलावे, हे काही ज्येष्ठांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. परंतु खेळावे की खेळू नये हा आजचा विषय नाही. जळगाव-धुळ्याची मुले खेळत आहेत, ही वस्तुस्थिती आहे. माझा प्रश्न निराळा आहे. हे ऑनलाइन खेळ दर काही आठवड्यांनी बदलतात, आणि काय बदलले याचे टिपण पडद्यावर येते. ते आपण वाचता, की बोट ठेवून पुढे सरकवता?

टिपण बहुधा इंग्रजीत असते. घरात उर्दू किंवा अहिराणी बोलणारा नवा खेळाडू तेथेच बिचकतो. वास्तविक त्यातील शब्द मोजके आहेत आणि तेच ते पुन्हा येतात. एखाद्या पात्राची वा शस्त्राची ताकद वाढवली की ‘बफ’, कमी केली की ‘नर्फ’. (नर्फ हे मऊ स्पंजच्या खेळण्यांचे अमेरिकन नाव. तलवार स्पंजची झाली, एवढाच अर्थ!) ‘बग फिक्स’ म्हणजे चुकीची दुरुस्ती. ‘कूलडाउन’ म्हणजे एखादी करामत एकदा वापरल्यावर पुन्हा वापरण्यापूर्वी थांबण्याचा काळ. ‘मेंटेनन्स’ लिहिले असेल तर तेवढा वेळ खेळ बंद. एवढी पुंजी जमली की निम्मे टिपण उलगडते.

नियम बदलणे ही मोबाइलने आणलेली गोष्ट नव्हे. शतरंजमध्ये वजीर पूर्वी तिरपे एकच घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची लांब चाल मिळाली आणि साऱ्या डावाची रीत पालटली. आपल्या देशातील जुन्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. पंजाबचे मीर सुलतान खान त्याच पद्धतीवर वाढले, आंतरराष्ट्रीय नियम मागाहून शिकले, आणि १९२९ साली त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. डावाची सुरुवात मात्र त्यांची कच्ची राहिली, असे जाणकार सांगतात.

आता आकड्यांकडे या, कारण टिपणाचा जीव तेथे आहे. समजा, प्रतिस्पर्ध्याची शक्ती १०० आहे आणि एका बंदुकीची गोळी ती ४० ने घटवते. टिपणात येते: ४० ऐवजी ३८. मुले हळहळतात. पण हिशेब मांडा. पूर्वी तीन गोळ्या लागत, आताही तीनच लागतात; बेरीज ११४ होते. दुसऱ्या बंदुकीचे ३४ चे ३३ झाले. एका अंकाचा फरक म्हणून कोणी ढुंकूनही पाहत नाही. परंतु ३४ च्या तीन गोळ्या १०२ होत, ३३ च्या तीन ९९ होतात. चौथी गोळी लागली! चिलखत आणि अंतर यांमुळे प्रत्यक्ष आकडे हलतात, तरी हिशेबाची रीत हीच. टक्क्यांचेही तसेच. १०० ची ताकद १० टक्के वाढवली आणि पुढच्या वेळी १० टक्के उतरवली, तर ती १०० वर येत नाही, ९९ वर येते.

पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. कित्येक खेळांत विकतच्या पेट्या असतात आणि दुर्मिळ वस्तू निघण्याची शक्यता, समजा, १ टक्का दिलेली असते. शंभर पेट्या घेतल्या की वस्तू हाती आलीच, असे मुलाला वाटते. प्रत्येक पेटी स्वतंत्र असेल, तर शंभर-शंभर पेट्या उघडणाऱ्या १०० मुलांपैकी सुमारे ३७ मुले रिकाम्या हाताने परततात. ‘शक्यता ५० टक्क्यांनी वाढवली’ असे छापले आणि मूळ शक्यता २ टक्के असली, तर ती ३ टक्के झाली, ५२ नव्हे. काही खेळांत ठराविक पेट्यांनंतर वस्तू हमखास देण्याची अट असते, पण ती लिहिलेली दिसली तरच धरावी. चीनने २०१७ मध्ये या शक्यता जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि ॲपलनेही त्याच वर्षी आपल्या ॲप स्टोअरवरील खेळांना तशी अट घातली. संभाव्यतेचा धडा आपल्याकडे दहावीला आहेच. शिक्षकांनी फाशांऐवजी एखादे दिवशी या पेट्या घ्याव्यात, मुले तास चुकवणार नाहीत.

कधी बदल बंदुकीचा नसतो, खेळाच्या अस्तित्वाचाच असतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲप्सवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्याची भारतातील सेवा थांबली. २ जुलै २०२१ रोजी बीजीएमआय आला. जुन्या खात्यातील वस्तू नव्या खेळात आणण्याची सोय होती, मात्र तिला मुदत होती. ती मुदत टिपणांतच सांगितलेली होती. २८ जुलै २०२२ रोजी हा खेळही ॲप स्टोअरवरून हटला. मे २०२३ मध्ये तो परतला तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तास आणि इतरांना ६ तास, अशी मर्यादा घालण्यात आली होती. खेळ मध्येच का थांबतो म्हणून फोन दुरुस्तीला नेण्यापूर्वी हे वाचलेले बरे.

बंदीच्या काळात ‘नवे अपडेट’ म्हणून भलत्याच फायली हातोहात फिरतात. टिपण खेळाच्या आतून किंवा कंपनीच्या अधिकृत पानावरूनच वाचावे. फुकट नाणी देऊ करून आपला पासवर्ड मागणारा संदेश म्हणजे टिपण नव्हे. नवे अपडेट उतरवण्यापूर्वी त्याचा आकारही पाहावा. आकडा जीबीत असेल तर अब्बांच्या फोनचा त्या दिवसाचा डेटा संपलाच समजा.

शेवटी वेळेविषयी. पुष्कळ टिपणांत वेळ ‘यूटीसी’ म्हणून देतात. तीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ निघते. स्पर्धा ३१ तारखेच्या रात्री ११.५९ यूटीसीला संपते असे लिहिले असेल, तर धुळ्यात तेव्हा १ तारखेच्या पहाटेचे ५ वाजून २९ मिनिटे झालेली असतात. त्यासाठी कोणी गजर लावून उठू नये. बक्षीस आदल्या संध्याकाळीही घेता येते.