ताप उतरल्यावरची रात्र



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीला डेंग्यू झाला. सरकारी रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात मी पाच रात्री काढल्या. तिथल्या निवासी डॉक्टरांबद्दल आज बोलायचं आहे. एमबीबीएस होऊन एमडी करणारी ही मुलं-मुली, म्हणजे जवळपास तुमच्याच वयाची. मोठे डॉक्टर राउंड घेऊन जातात. रात्रीचा वॉर्ड यांच्या हातात असतो.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी लगेच डिस्चार्ज मागितला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "खरी काळजी आत्ताच. डेंग्यूत ताप उतरताना रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू शकतं, मूल शॉकमध्ये जाऊ शकतं." मला पटलं नाही. संध्याकाळी सलाईनची सुई लावताना शीर दोनदा चुकली. मुलगी किंचाळली आणि मी सगळ्यांदेखत ओरडलो, "जमत नसेल तर दुसऱ्याला बोलवा!" त्या फक्त "सॉरी" म्हणाल्या.

त्या रात्री मी जागा होतो. मॅडम दर तासाला येत. नाडी, रक्तदाब, लघवी बघत. मुलांना सलाईन किलोमागे मोजून देतात. कमी पडलं तर शॉक, जास्त झालं तर फुप्फुसात पाणी. आमचा कोड चुकला तर आम्ही जुनी आवृत्ती परत चढवतो. तिथे ती सोय नाही.

तीनच्या सुमारास समोरच्या खाटेवरचं बाळ गेलं. त्याच्या आईला मॅडमनीच सांगितलं. चार वाजता तोंड धुऊन त्या पुन्हा माझ्या मुलीची नाडी मोजत होत्या. आदल्या सकाळपासून त्या ड्यूटीवर होत्या. निवासी डॉक्टरांचं सलग काम साधारणपणे 12 तासांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्र सरकारने 1992 मध्येच म्हटलं आहे.

मुलगी बरी झाली, अल्हम्दुलिल्लाह. निघताना मी माफी मागितली. मॅडमना ते भांडण आठवतही नव्हतं.

डॉक्टरवर हात उचलणं महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होते. पण आवाज आवरायला आपणच शिकायला हवं. मोहल्ल्यातलं मूल ॲडमिट झालं की आपण वीस जण इयादतीला जातो. यापुढे खाटेशी एकानेच थांबा. मूल किती प्यायलं, लघवी किती वेळा झाली, ते कागदावर लिहा. बाकीच्यांनी रक्तपेढीत जाऊन रक्त द्या. आणि हे डॉक्टर कामाचे तास कमी करा म्हणतील, तेव्हा त्यांच्या बाजूने बोला.