उद्यांचें टांचण

भडगांवांत गिरणेकांठीं माझा लहानसा दवाखाना आहे. रुग्ण तपासण्यांत मीं कधीं दिरंगाई केली नाहीं. ती शिरली कागदपत्रांत. क्षयाचा रोगी आढळतांच खासगी डॉक्टरानेंहि सरकारी यंत्रणेस कळवावें, असा आदेश २०१२ सालीं निघाला. तरी एका रुग्णाची नोंद 'गर्दी ओसरल्यावर करूं' म्हणून मीं टांचणांत लिहून ठेविली. पावसाळ्यांत गर्दी ओसरते थोडीच! तीन आठवडे गेले. नोंद नाहीं, म्हणून घरच्यांची तपासणी नाहीं. २०१८ पासून मिळणारें पोषण-अनुदानहि नाहीं. अखेर तपासणी झाली, तेव्हां घरांतील धाकट्या मुलीसहि क्षय निघाला. तिचें दुखणें माझ्यामुळें, असें म्हणवत नाहीं. तें उशीरां कळलें, तें मात्र माझ्यामुळें.

मालकाला जाब विचारणारा वरिष्ठ नसतो, हेंच या दिरंगाईचें मूळ. म्हणून आतां रुग्ण समोर असतांनाच नोंद करतों. आणि दवाखाना बंद करण्यापूर्वीं राहिलेलें काम विचारण्याचा अधिकार परिचारिकेस दिला आहे. 'डॉक्टरसाहेब, झालें का?' ती रोज विचारते. कधीं रागहि येतो. पण टांचण कोरें असतें.