कोठीची रेसिडेन्सी : एका वास्तूची स्थित्यंतरे



हैदराबादेत ‘कोठी’ म्हटले, की गजबजलेला बाजार आणि जुन्या पुस्तकांची दुकाने डोळ्यांपुढे उभी राहतात. पण हे नाव ज्या कोठीवरून रूढ झाले, ती मुसीच्या उत्तर तीरावरील ब्रिटिश रेसिडेन्सी होय.

१८०३ च्या सुमारास रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने तिचे बांधकाम आरंभिले. आराखडा मद्रास इंजिनियर्सचा लेफ्टनंट सॅम्युअल रसेल याचा. खर्च मात्र निजामाच्या खजिन्यातून झाला. इंग्लंडात जॉर्ज नावाच्या राजांच्या काळी रूढ झालेली ही जॉर्जियन शैली. दोहों बाजूंचा समतोल, कॉरिंथियन धाटणीचे सहा उत्तुंग स्तंभ, त्यांवरील त्रिकोणी शिखरपटावर कंपनीचे राजचिन्ह, पायऱ्यांशी दोन सिंह आणि आत भव्य दरबार दालन. पाहणाऱ्याला संगमरवराचा भास व्हावा. पण स्तंभांचे अंतरंग विटांचे आणि वर चुन्याचा गिलावा. रूप विलायती, हात आणि माती येथली!

याच आवारात कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा हिच्यासाठी रंगमहाल उभारला गेला. तो १८६० मध्ये पाडण्यात आला. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाझ खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर हल्ला झाला. तो परतवला गेला. नंतर तटबंदी मजबूत झाली.

रेसिडेन्सी बाजार, म्हणजे आजचा सुलतान बाजार, दीर्घकाळ ब्रिटिश अंमलाखाली होता. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला. निजामी निर्बंधांपासून काहीसा मोकळा असलेल्या या परिसरात देशी भाषांच्या चळवळींना आसरा मिळाला. तेलुगू ग्रंथालय श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् १९०१ मध्ये येथेच जन्मले. परकीय सत्तेच्या सावलीत स्वभाषेचा दिवा लागावा, हा इतिहासाचा विलक्षण न्याय!

१९४७ मध्ये रेसिडेंट गेला. १९४९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय या वास्तूत आले. जेथे संस्थानाचे भवितव्य ठरे, तेथे मुली अभ्यास करू लागल्या. वापरामुळे वास्तू जगली, पण झिजलीही. २००२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिची गणना धोक्यातील वारशात केली. त्यानंतर जीर्णोद्धाराला वेग आला. २०२२ मध्ये महाविद्यालयाला महिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

वास्तू केवळ चुन्याविटांनी टिकत नाही. तिचा उंबरठा ओलांडणारी पावले असावी लागतात आणि त्या पावलांनी तिची झीज होते, याची जाणीवही असावी लागते. रेसिडेन्सीला जे लागू, ते शंभरी गाठलेल्या प्रत्येक ग्रंथालयालाही लागू आहे.