दुःखी घर, मुके जनावर आणि फुलांचे थेंब



घरात मृत्यू झाला की आपल्या वस्तीतली माणसे धावून येतात. जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत घर भरलेले असते. चुलीवर भांडे असते, कोणी ना कोणी बोलायला असते. नंतर पाहुणे आपापल्या गावी परततात आणि खरा शोक तिथून सुरू होतो. आपल्या मंडळाचे कार्यकर्ते सांत्वनासाठी जातात ते मुद्दाम या नंतरच्या दिवसांत. अशा भेटींत आम्हांला पुष्कळदा दाराशी बसलेला कुत्रा दिसतो. त्याला फिरवणारा, भाकरीचा तुकडा टाकणारा माणूस गेलेला असतो. घरच्या माणसांना चार शब्द सांगता येतात, पण या मुक्या जनावराला कोण सांगणार?

आणि अलीकडे अशा काही घरांत एक लहानशी बाटलीही दिसते. कोणी नातेवाईक पुण्या-मुंबईहून पुष्पौषधी घेऊन येतो. चार थेंब आईला, चार थेंब कुत्र्याला. मग आम्हांला विचारले जाते की हे द्यावे काय, त्याने गुण येतो काय, आणि त्यात दारू असते म्हणतात तर शीलाचे काय? आजचे भाषण या प्रश्नांसाठी आहे.

ही पुष्पौषधी इंग्लंडची. डॉ. एडवर्ड बाख (आपल्याकडे पुष्कळजण 'बॅच' म्हणतात) यांचा जन्म १८८६ साली बर्मिंगहॅमजवळ मोझली येथे झाला. ते लंडनमध्ये शिकलेले डॉक्टर व जंतुशास्त्रज्ञ होते. १९१९ साली ते तेथील होमिओपॅथिक रुग्णालयात गेले आणि १९३० मध्ये चालता व्यवसाय सोडून रानावनांत फुले शोधत हिंडू लागले. १९३६ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी एकूण ३८ औषधे ठरविली. त्यांची अखेरची वर्षे सॉटवेल या खेड्यातील 'माउंट व्हर्नन' नावाच्या लहान घरात गेली. त्यांचे म्हणणे असे की रोगाकडे पाहू नका, मनाच्या अवस्थेकडे पाहा. धक्का व शोक यांसाठी 'स्टार ऑफ बेथलेहेम', गतकाळात अडकलेल्या मनासाठी 'हनीसकल', बदल सोसण्यासाठी अक्रोड, स्वतःला दोष देत राहणाऱ्यासाठी 'पाइन'. ही वाटणी त्यांनी चाचण्या घेऊन केली नाही, स्वतःच्या अंतःप्रेरणेने केली. माणूस सहृदय होता याबद्दल आम्हांला शंका नाही, परंतु सहृदयता हा पुरावा होत नाही.

आता बाटलीत काय असते ते पाहू. विद्यार्थ्यांनी येथे कागद-पेन्सिल घ्यावी. काचेच्या भांड्यात झऱ्याचे पाणी घेऊन त्यावर फुले तरंगत ठेवतात व भांडे तीन तास उन्हात ठेवतात. काही झाडांच्या डहाळ्या अर्धा तास उकळतात. त्या पाण्यात तेवढीच ब्रँडी मिसळली की मूळ अर्क झाला. मूळ अर्काचे २ थेंब ३० मिलिलिटर ब्रँडीत टाकले की दुकानात मिळणारी बाटली होते. त्या बाटलीतील २ थेंब पुन्हा ३० मिलिलिटर पाण्यात टाकायचे आणि त्यातून ४ थेंब दिवसातून चार वेळा घ्यायचे. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले तर ३० मिलिलिटरमध्ये ६०० थेंब होतात. म्हणजे दर वेळी ३०० पटीने पातळ. दोनदा झाले की ९०,००० पट, आणि मूळ अर्कात अर्धी ब्रँडी होती म्हणून १,८०,००० पट. हेही फुलाच्या रसाचे प्रमाण नव्हे, फुले ज्यावर तरंगली त्या पाण्याचे आहे!

तेव्हा गुण येतो काय, या प्रश्नाचे उत्तर चाचण्यांनी दिले आहे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाचे प्रा. एडझार्ड अर्न्स्ट यांनी २०१० साली अशा चाचण्यांचा आढावा घेतला. एका गटाला पुष्पौषधी आणि दुसऱ्या गटाला दिसायला-चवीला तसेच, पण औषध नसलेले थेंब दिलेल्या ज्या ज्या चाचण्या त्यांना मिळाल्या, त्यांपैकी एकीतही पुष्पौषधी सरस ठरली नाही. विद्यार्थ्यांना जवळचे उदाहरण सांगतो. २००१ साली जर्मन संशोधकांनी परीक्षेच्या भीतीवर हे थेंब देऊन पाहिले. खरे थेंब घेणाऱ्यांची भीती कमी झाली, आणि खोटे थेंब घेणाऱ्यांचीही तेवढीच कमी झाली. या निकालाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात, आणि आमच्या मते शोकाच्या घरी तोच उपयोगी आहे. भीती कमी झाली होती. फक्त ती फुलांमुळे झाली नव्हती.

किसागोतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत हिंडत होती. जिथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे तिला तथागतांनी सांगितले. मोहरी कोणत्याही स्वयंपाकघरातली, फोडणीचीच. तिने मुलगा उठणार नव्हता व उठला नाही. दारोदार चालणे, प्रत्येक उंबऱ्यावर थांबून विचारणे आणि समोरच्याचे उत्तर ऐकणे हे सारे त्या मोहरीच्या निमित्ताने घडले. थेंबांच्या बाटलीकडे आम्ही या नजरेने पाहतो. चार वेळा थेंब द्यायचे म्हणजे चार वेळा अंथरुणातून उठायचे, बाटली शोधायची, कुत्र्याला जवळ बोलवायचे, त्याच्या वाटीत पाणी आहे की नाही ते पाहायचे आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. ज्या बाईने तीन दिवस केस विंचरलेले नाहीत तिला हे काम लहान नाही.

मग तिला खोटे सांगायचे काय? आमचे मत स्पष्ट आहे : नाही. चौथे शील सांत्वनाच्या वेळी बाजूला ठेवता येत नाही, आणि तशी गरजही नाही. २०१० सालीच अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी आतड्याच्या एका जुनाट तक्रारीच्या ८० रुग्णांपैकी काहींना 'या गोळीत औषध नाही' असे उघड सांगून गोळ्या दिल्या. काहीच न दिलेल्या गटापेक्षा त्यांना अधिक आराम वाटला. ती तक्रार आतड्याची होती, शोकाची नव्हे, म्हणून त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरी 'यात औषध म्हणावे असे काही नाही, पण दिवसातून चार वेळा तुम्ही दोघे एकत्र बसा' असे आम्ही सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास त्याने उडालेला आम्ही पाहिलेला नाही. बाटली नसेल तर विकत आणू नये. साधे पाणी व एक ठरलेली वेळ पुरे.

कुत्र्याला शोक होतो काय, हेही विचारले जाते. तोकियोच्या शिबुया स्थानकावरचा हाचिको हा अकिता जातीचा कुत्रा त्याचे धनी प्रा. उएनो १९२५ साली वारल्यावर, १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत, त्यांची वाट पाहत राहिला हे सर्वश्रुत आहे. पण एका कुत्र्यावरून नियम ठरत नाही. इटलीतील ४२६ पाळणाऱ्यांकडून माहिती घेऊन २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातला सोबतीचा कुत्रा मेल्यावर मागे राहिलेल्या ८६ टक्के कुत्र्यांच्या वागण्यात फरक पडल्याचे मालकांनी सांगितले. कुत्रे खेळेनासे झाले, कमी खाऊ लागले, माणसाला चिकटून राहू लागले. अर्थात हे मालकांनी सांगितलेले आहे, आणि मालकाचे डोळेही दुःखी असतात. स्वीडनमध्ये २०१९ साली मालकाच्या व कुत्र्याच्या केसांतील ताणाचे संप्रेरक मोजले तेव्हा दोघांचे प्रमाण बरोबरीने वरखाली झालेले आढळले. म्हणून घरात आधी कोणाला सावरायचे हा वाद व्यर्थ आहे. दोघांची वेळ एकत्र बांधावी.

वासाच्या बाबतीत मात्र थोडा पुरावा आहे. बेलफास्टमध्ये २००५ साली निवाऱ्यातील ५५ कुत्र्यांवर प्रयोग झाला. लॅव्हेंडर व कॅमोमाइल यांचा वास दरवळत असताना कुत्रे अधिक विसावले, भुंकणे कमी झाले. रोजमेरी व पेपरमिंटने उलट झाले, ते अधिक हलू-भुंकू लागले. तरी तेलाची बाटली कुत्र्याच्या नाकाशी धरू नये, अंगाला चोळू नये, पाजू तर मुळीच नये. त्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे. मोकळ्या हवेच्या खोलीत थोडासा वास, आणि त्याला उठून जाता येईल असे उघडे दार, इतकेच.

येथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत, कारण 'झाडपाला आहे, अपाय काय होणार' या समजुतीने जनावरे मरतात. टी-ट्री तेलाच्या थोड्या थेंबांनीही कुत्र्याचे पाय लटपटतात. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, द्राक्षे व मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात. कण्हेर तर अंगणातच असते. ज्या 'स्टार ऑफ बेथलेहेम'चे थेंब शोकावर देतात ते मूळ रोपही विषारी आहे. हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये त्याच्या कंदात असतात. थेंब निरुपद्रवी आहेत ते केवळ १,८०,००० पट पातळ आहेत म्हणून. कोणी 'हनीसकल म्हणजे आपली मधुमालतीच' म्हणून कुंपणावरची पाने काढा करायला तोडू नयेत, ती निराळ्याच कुळातली वेल आहे. गोड गोळ्यांच्या रूपातील तयार औषधांत झायलिटॉल असेल तर ती कुत्र्याच्या हाती लागू देऊ नयेत. तासाभरात त्याची रक्तशर्करा घसरते.

ब्रँडीचा प्रश्न ज्येष्ठ उपासकांनी विचारला होता. वर दिलेल्या हिशेबाने पाण्याच्या बाटलीत ब्रँडी ३०० भागांत एक भाग येते, त्याने नशा होणार नाही. कोणी ती बाटली टिकावी म्हणून त्यात आणखी चमचाभर ब्रँडी घालतात, ते टाळावे. पण पाचवे शील केवळ मापाचे नाही. आपल्या कित्येक घरांत माणूस दारूने गेलेला असतो, किंवा मुलगा नुकताच दारूतून सुटलेला असतो. त्या घरात ब्रँडीच्या वासाची बाटली नेऊन ठेवणे आम्हांला मान्य नाही. ग्लिसरीनमध्ये केलेले थेंब मिळतात. कुत्र्यासाठी तर तेच घ्यावेत.

कुत्रा खात नाही म्हणजे शोकच, असे धरून चालू नये. आपल्याकडे गोचीड तापाने कुत्रा असाच मलूल होतो व अन्न सोडतो. दोन दिवस काही खाल्ले नाही, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, किंवा उलट्या होत असल्या तर थेंब बाजूला ठेवून त्याला पशुवैद्याकडे न्यावे. माणसाचेही तसेच. महिने लोटले तरी अंथरूण सुटत नाही, जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलू लागले, तर डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर २०२२ पासून मराठीतही बोलता येते.

भेटीला जाताना आम्ही दोन गोष्टी सांगतो. गेलेल्या माणसाचे सगळे कपडे एकदम धुऊन वाटून टाकू नका. एक जुना सदरा कुत्र्याच्या गोणपाटावर राहू द्या. दुसरे, त्याची वेळ मोडू नका. बाबा पहाटे सहाला त्याला फिरवत असतील तर पुढचे काही आठवडे सहालाच कोणीतरी साखळी हातात घ्यावी. घरच्यांना ते झेपत नसेल तर आपल्या विद्यार्थ्यांनी पाळी लावून जावे. साखळी स्वयंसेवकाने धरावी आणि घरचे एक माणूस शेजारून चालावे, निदान कोपऱ्यापर्यंत. नावे द्यायची असतील त्यांनी सभा संपल्यावर कार्यालयात थांबावे.