घरचा संगणक कसा जपावा



आज आम्ही तुमच्याशी संगणकाबद्दल चार गोष्टी बोलणार आहोत. संगणक म्हणजेच कॉम्प्युटर. नाव ऐकून बिचकू नका.

कल्याणहून कर्जतकडे गाडीने निघाले, की विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर लागते. मग अंबरनाथ, मग बदलापूर. या तिन्ही शहरांच्या आसपास आपली खेडी आहेत. पूर्वी जिथे भाताची खाचरे होती, तिथे आता कारखाने आहेत, इमारती आहेत. कुणाचा मुलगा कारखान्यात जातो. कुणाची मुलगी कॉलेजात जाते. तिच्या अभ्यासासाठी घरात जुना कॉम्प्युटर येतो. आई त्यावर रुमाल झाकते आणि म्हणते, "पोरीचं यंत्र आहे. आपण हात लावायचा नाही."

आम्ही म्हणतो, हात लावा. तुम्ही अक्षरे शिकलात. ज्याला अक्षर ओळखता येते, त्याला संगणक ओळखता येतो.

पण आधी एक हकिकत ऐका.

२६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेइतके पाणी झाले. इकडे उल्हास नदी फुगली. बदलापूर आणि कल्याणच्या सखल भागांत घराघरांत पाणी शिरले.

आमच्या वर्गात एक आजी येतात. त्यांचे घर नदीच्या अंगाला. त्या सांगतात, "पत्र्याची पेटी पाण्यात बुडाली. दुसऱ्या दिवशी सगळे कागद काढले आणि वाळत घातले. पण मला तेव्हा वाचता येत नव्हतं. कामाचा कागद कोणता, रद्दी कोणती, काय कळणार? जुन्या कॅलेंडरचं पान मी जपून सोडवलं. आणि पोराच्या शाळेच्या दाखल्याचा लगदा झाला, तो शेणकुटाबरोबर टाकून दिला."

ऐकताना आम्ही सगळे गप्प झालो. त्या दाखल्यासाठी मुलाला पुढे किती खेटे घालावे लागले, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

पाणी काही एकदाच येत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. त्यासाठी होड्या आणाव्या लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, कागदाची गोष्ट कशाला? आपण तर संगणकाबद्दल बोलत होतो. सांगतो. आज आपले कागद संगणकात गेले आहेत. सातबारा, दाखले, लग्नाचे फोटो, नातवाचे पहिले पाऊल, सारे त्यात आहे. संगणक ही आजची पत्र्याची पेटी आहे. पेटी जपली नाही तर दाखल्याचा लगदा पुन्हा होईल.

आपण कणगीतले धान्य कशापासून जपतो? पाण्यापासून, किडीपासून आणि चोरापासून. संगणकाचे शत्रू तेच तीन आहेत. एकेकाची ओळख करून घेऊ.

पहिला शत्रू पाणी

संगणक जमिनीवर ठेवू नका. टेबलावर, भिंतीपासून थोडा दूर ठेवा. मागून वारा खेळू द्या. वर रुमाल झाकायचा तर तो बंद असताना झाका. चालू असताना झाकला तर यंत्र तापते. आकाशात विजा चमकू लागल्या तर संगणक बंद करा आणि खटक्यावरून वायर काढून ठेवा. इंटरनेटची वायरही काढा.

पण एवढ्याने भागत नाही. संगणकात एक डबी असते. तिला डिस्क म्हणतात. आपले सारे तिच्यावर लिहिलेले असते. अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलालेख आहे. त्यात शके ९८२ असे वर्ष दिले आहे. म्हणजे सन १०६०. दगडावरची ती अक्षरे साडेनऊशे वर्षे टिकली. डिस्क तशी नाही. ती पूर न येताही एके दिवशी बंद पडते. आधी निरोप देत नाही.

हे आम्हाला ठेच लागून कळले. आमच्या वर्गात एक संगणक होता. वर्गात येणाऱ्या बायामाणसांनी लिहिलेल्या पहिल्या पत्रांचे फोटो त्यात ठेवले होते. कुणी भावाला लिहिले होते, कुणी माहेरी. दुसरी प्रत आम्ही केली नव्हती. उद्या करू, परवा करू, असे चालले होते. एका सकाळी डिस्क बंद पडली. दोन वर्षांची पत्रे गेली. दुरुस्ती करणाऱ्यालाही ती काढता आली नाहीत. लोकांना शहाणपण सांगणारे आम्ही, पण आमच्याच पेटीत पाणी शिरले.

म्हणून सांगतो. शेतकरी सारे बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही. कामाची प्रत्येक वस्तू दोन जागी असावी.

प्रत कशी करायची, ते नीट ऐका. बाजारात पेन ड्राइव्ह मिळतो. बोटाच्या पेराएवढी वस्तू असते. ती संगणकाच्या खाचेत बसवा. पडद्यावर तिचे चित्र दिसेल. आता ज्या फोल्डरमध्ये आपले कागद आहेत, त्यावर एकदा टिचकी मारा. कळफलकावर कंट्रोल नावाची कळ आहे. ती दाबून धरा आणि सी दाबा. याचा अर्थ, नक्कल घे. मग पेन ड्राइव्ह उघडा. कंट्रोल दाबून धरा आणि व्ही दाबा. याचा अर्थ, इथे ठेव. झाली प्रत. लगेच ओढून काढू नका. आधी इजेक्टवर टिचकी मारा, मग काढा.

प्रत केल्यावर एक-दोन कागद उघडून बघा. उघडतात ना? मगच निर्धास्त व्हा. पेन ड्राइव्ह लहान पाकिटात घाला आणि वर तारीख लिहा. तो त्याच घरात ठेवू नका. उंचावर राहणाऱ्या भावाकडे, बहिणीकडे ठेवा. पेन ड्राइव्हही कधी तरी बिघडतो. म्हणून मधूनमधून नवा घ्या. इंटरनेट असेल तर गुगल ड्राइव्हसारख्या दूरच्या कोठारात तिसरी प्रत ठेवता येते. तिथे थोडी जागा फुकट मिळते.

हे काम कधी करायचे? दर महिन्याला एकदा. आणि मृगाच्या आधी नक्की. पावसाआधी आपण घर शाकारतो ना? तसेच हे.

दुसरा शत्रू कीड

संगणकालाही कीड लागते. तिला व्हायरस म्हणतात. ती खरी कीड नव्हे. कुणा दुष्ट माणसाने लिहिलेली ती आज्ञावली असते. एक जात तर अशी आहे, की आपले सारे कागद कुलूपबंद करते आणि पैसे मागते. पेन ड्राइव्ह तसाच लावून ठेवला असेल तर त्यातली प्रतही बंद होते. म्हणून प्रत झाली की तो काढून ठेवा.

कीड कुठून येते? झेरॉक्सच्या दुकानात आपण छापायला पेन ड्राइव्ह देतो. तिथल्या संगणकात कीड असली तर ती आपल्याबरोबर घरी येते. म्हणून छापण्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा. घरी आल्यावर उघडण्याआधी तपासा. विंडोजच्या संगणकात डिफेंडर नावाचा राखणदार आधीच असतो. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. पेन ड्राइव्हच्या चित्रावर माऊसचे उजवे बटण दाबा आणि स्कॅन निवडा. तो तपासून सांगतो.

राखणदाराला नवे ज्ञान लागते. ते अपडेटमधून मिळते. संगणकाने अपडेट मागितले तर टाळू नका. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. तुमचा संगणक जुना असेल आणि पुढचे विंडोज त्यावर चालत नसेल, तर जाणत्या माणसाकडून लिनक्स मिंट घालून घ्या. ते फुकट आहे. मात्र आधी प्रत करा, मग हे काम करा.

फुकटची चांगली आज्ञावली आणखीही आहे. चोरून उतरवलेली घेऊ नका. तिच्यात कीड असू शकते. पत्र लिहायला आणि हिशेब ठेवायला लिबरऑफिस घ्या. त्यात मराठीही मिळते. दुधाचा हिशेब, भिशीचा हिशेब त्यात मांडा. बेरीज ते आपोआप करते. गाणी ऐकायला आणि चित्रपट पाहायला व्हीएलसी आहे. दोन्ही त्यांच्या मूळ जागेवरूनच उतरवा.

मराठी लिहिण्याची सोय विंडोजमध्येच आहे. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडावी लागते. इन्स्क्रिप्ट नावाच्या कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. मुळाक्षरे येणाऱ्याला तो आठवडाभरात जमतो.

आणि एक गोष्ट विसरू नका. प्रत्येक कागदाला मराठीत नाव द्या. फोटो काढला की संगणक त्याला भलतेच आकडे देतो. ते कुणाला कळणार? "सातबारा", "शाळेचा दाखला", "आईचा फोटो", अशी नावे लिहा. शेजारी वर्ष लिहा. म्हणजे घाईच्या वेळी कॅलेंडरचे पान आणि दाखला यांत गफलत होणार नाही.

तिसरा शत्रू चोर

हा चोर भिंत फोडत नाही. तो आपल्याकडूनच किल्ली मागतो. एकाएकी पडदा लाल होतो. त्यावर लिहिलेले असते, तुमच्या संगणकाला रोग झाला आहे, या नंबरवर फोन करा. फोन करू नका. ते सोंग असते. संगणक बंद करा आणि पुन्हा चालू करा.

कुणी फोनवर म्हणेल, अमुक आज्ञावली घाला, आम्ही दुरून दुरुस्त करतो. घालू नका. त्याने दुरून आपले घर उघडले असे समजा. फोनवर आलेला ओटीपी कुणाला सांगू नका, बँकेचे नाव सांगितले तरी नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. आणि कुणी पोलीस असल्याचे सांगून "तुम्हाला डिजिटल अटक केली" म्हणाला तर घाबरू नका. अशी अटक कायद्यात नाही. फोन खाली ठेवा.

फसलात तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितकी घाई कराल, तितका पैसा अडवता येण्याचा संभव जास्त.

संगणक दुरुस्तीला देताना आधी प्रत करा. दुकानातल्या संगणकावर आधार कार्ड उघडले असेल तर काम झाल्यावर ते पुसायला सांगा. आपले खाते बंद करूनच उठा.

आता शेवटचे. त्या आजींची गोष्ट अर्धी राहिली.

यंदा मृगाच्या आधी त्या नातीच्या संगणकाशी बसल्या. नात म्हणाली, "आजी, मी करते." आजी म्हणाल्या, "तू नुसती बघ." त्यांनी एकेक नाव बोट ठेवून वाचले. सा-त-बा-रा. दा-ख-ला. मुलाला खेटे घालून मिळालेला दुसरा दाखला आता त्यात आहे. त्यांनी कंट्रोल आणि सी दाबले. मग कंट्रोल आणि व्ही दाबले. पेन ड्राइव्ह पाकिटात घातला आणि वर स्वतःच्या हाताने तारीख लिहिली. पाकीट अंबरनाथला लेकीकडे पाठवले.

वर्गात येऊन त्या आम्हाला म्हणाल्या, "आता पाणी आलं तर येऊ दे. कोणता कागद कुठं आहे, ते मला वाचता येतं."

मंडळी, आज घरी जा. कामाचा एक कागद निवडा. त्याला नाव द्या, त्याची प्रत करा. बाकीचे उद्या करा. पण पहिला कागद आजच.