जे नाहीसं होतं, त्याची कथा



 

हल्ली माझ्याकडे अभिप्रायासाठी जी हस्तलिखितं येतात, त्यांतला खलनायक बदलला आहे. कपटी राजा, मांत्रिक, राक्षस मागे पडले. त्यांच्या जागी विश्व गिळायला निघालेली एखादी शक्ती आली आहे. तिला चेहरा नाही, घराणं नाही, कुणाशी वैर नाही. तिला हवा आहे तो फक्त विनाश. आपले तरुण लेखक एवढा मोठा पल्ला गाठू पाहतात, याचा मला खरोखर आनंद आहे. पण निम्मी कादंबरी संपली तरी भीती वाटत नाही. अथांग, अनादि, कराल, अभेद्य अशी सगळी विशेषणं पहिल्या प्रकरणातच खर्ची पडलेली असतात. विश्व बुडतंय एवढं कळतं. त्या विश्वात कोण राहत होतं, काय खात होतं, कशावरून भांडत होतं, ते मात्र कळत नाही. माझं सांगणं एवढंच आहे की अशा शक्तीचं वर्णन करता येत नाही. ती जे घेऊन जाते, त्याचं करता येतं.

या बाबतीत मला गुरुस्थानी वाटतो तो जर्मन लेखक मिखाएल एंडे. ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ या नावानं जगभर गेलेली त्याची कादंबरी 1979 साली आली. तिच्यात एका कल्पनेच्या साम्राज्याला ‘काहीच नाही’ ग्रासत चाललं आहे. खलनायकाचं नावच ते. एंडे त्याची ओळख कशी करून देतो पाहा. पहिल्याच प्रकरणात रात्रीच्या रानात चार दूत भेटतात, वेगवेगळ्या मुलखांतले. त्यांतली एक भिरभिरती आगज्योत आपल्या प्रदेशातल्या तळ्याची हकिकत सांगते. तळं आटलं का? नाही, आटलं असतं तर कोरडी जागा उरली असती. मग खड्डा पडला का? तोही नाही, कारण खड्डा म्हणजे काहीतरी असतंच. ऐकणारा एकेक शक्यता पुढे करतो, सांगणारा ती खोडत जातो आणि वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते. एकही भयंकर विशेषण न वापरता हे साधलं आहे.

पुढे आत्रेयू या मुलाला झाडाच्या सालीचं अंग असलेले तीन वनवासी भेटतात. एकाचं कमरेखालचं शरीर नाही, तो हातांवर चालतो. दुसऱ्याच्या छातीला आरपार भोक आहे. तिसऱ्याची डावी बाजूच नाही, तो एका पायावर उड्या मारतो. रक्त नाही, जखम नाही, वेदनाही नाही. तो भाग गेला आहे, एवढंच. भयकथा लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे प्रसंग सावकाश, दोनदोनदा वाचावेत असं मला वाटतं. पुढे तर एंडे आणखी खोल जातो. या पोकळीत उडी घेणारे तिथले रहिवासी माणसांच्या जगात असत्य होऊन येतात. विनाश कल्पनेच्या राज्यात होतो आणि त्याचं विष आपल्या राज्यात भिनतं.

एंडेचे वडील एडगर एंडे हे चित्रकार. नाझी राजवटीनं त्यांच्या चित्रकलेवर बंदी आणली आणि 1944 साली बॉम्बहल्ल्यात म्युनिकमधला त्यांचा स्टुडिओ चित्रांसकट जळाला. कादंबरीचा उगम यातच आहे असं म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. पण आदल्या दिवशी भिंतीवर असलेलं दुसऱ्या दिवशी नसतं, हे ज्या घरानं अनुभवलं, त्या घरातला हा लेखक आहे, एवढं मी विसरू शकत नाही.

टॉल्किनची उंगोलियांट ही कोळीण प्रकाश देणारे दोन वृक्ष शोषून घेते. तिथेही आधी ते वृक्ष, त्यांच्या उजेडाच्या वेळा, त्या उजेडात जगणारे जीव आपल्या ओळखीचे झालेले असतात. म्हणूनच अंधार झाला की तो आपल्यावर होतो.

आणि आपल्याकडे? महाभारताच्या आदिपर्वातली और्वाची कथा घ्या. भृगुकुळाचा संहार चालला होता, गर्भांनाही सोडलं जात नव्हतं. एका मातेनं आपला गर्भ मांडीत लपवला. तोच और्व. तो जन्मला तोच तेजानं शत्रूंचे डोळे दिपवून, आंधळे करून. मोठा होऊन त्यानं सर्व लोक जाळायचा निश्चय केला. त्याचं दुःख आपल्याला माहीत आहे, म्हणून त्याचा क्रोध आपल्याला भिववतो. पितरांनी समजावलं तेव्हा त्यानं तो अग्नी समुद्रात सोडला. घोडीच्या मुखाचा तो वडवानल आजही पाणी पीत असतो, असं आपण मानत आलो. तो विझवला गेला नाही. त्याला राहायला जागा दिली गेली.

कीर्तिमुखाचंही तसंच. जालंधराचा दूत म्हणून राहू शंकराकडे आला, तेव्हा शिवाच्या क्रोधातून सिंहमुखी, हाडांचा सापळा असलेला एक भुकेला जीव निर्माण झाला. राहू शरण आल्यावर तो जीव विचारू लागला, आता मी खाऊ काय? स्वतःलाच खा, अशी आज्ञा झाली. त्यानं हात खाल्ले, पाय खाल्ले, धड खाल्लं. तोंड तेवढं उरलं. शिवानं त्याला आपल्या दारी बसवलं. आपल्या जुन्या शिवमंदिरांत गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ते वटारलेल्या डोळ्यांचं तोंड कोरलेलं असतं. बायाबापड्या त्याला हळदकुंकू वाहतात आणि ओलांडून आत जातात. इतकी प्रगल्भ कल्पना घरात असताना आपले नायक शेवटच्या प्रकरणात तेजस्वी तलवार उपसून विश्वसंहारक शक्तीचे दोन तुकडे करतात, याचं मला वाईट वाटतं. ज्याला अंग नाही त्याला तलवार लागेल कशी? एंडेकडेही तलवार चालत नाही. तिथे ती कथा वाचणाऱ्या मुलाला त्या साम्राज्याच्या सम्राज्ञीला नवं नाव द्यावं लागतं आणि वाळूच्या उरलेल्या एका कणातून सगळं पुन्हा मांडावं लागतं. मोडलेलं जग ज्याच्या तपशिलांसह लक्षात आहे, तोच ते मांडू शकतो.

2018 सालच्या राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या चित्रपटात ही शिस्त मला दिसली. त्यातल्या हस्तर या भुकेल्या देवाला सोनं मिळालं, धान्य नाकारलं गेलं. म्हणून त्याला कणकेच्या बाहुलीचं आमिष चालतं आणि पिठाचं रिंगण त्याला अडवतं. त्याची भूक मोजूनमापून ठरवलेली आहे, त्यामुळे माणसाची हाव त्या मापाबाहेर गेली की प्रेक्षकाला धोका आधी कळतो. नारायण धारपांनीही मराठी वाचकाला आधी घरात नेलं, माणसं दाखवली, मग अमंगळाला आत घेतलं.

तेव्हा लिहिताना असं करून पाहा. विश्व सोडा, एक आळी घ्या. सकाळी आजी तांब्या घेऊन अंगणात येते आणि तुळशीवृंदावन नसतं. अंगण सलग आहे, सारवलेलं आहे. नात विचारते, “आजी, पाणी कुणाला घालतेस?” आजीला आठवत नाही. दुपारी शेजारच्या घराचं दार जिथे होतं तिथे भिंत आहे आणि त्या घरातून आलेली वाटी मात्र आपल्या फळीवर तशीच आहे. कुणाची ती? परत कुणाला द्यायची? इथून कथा सुरू होते. शक्तीचं नाव दहाव्या पानापर्यंत घेतलं नाही तरी चालेल.

याला जागा लागते, म्हणून शेवटची विनंती संपादकांना. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’नं गूढ आणि अद्भुताला मराठीत हक्काचं दालन दिलं. आज दिवाळी अंकांकडून भयकथेची मागणी येते ती हजार-बाराशे शब्दांची. तेवढ्यात भूत दाखवता येतं, पण आळी उभारून ती घरागणिक पुसत नेता येत नाही. एका अंकात अशा पाच छोट्या कथा घेण्याऐवजी एक दीर्घकथा घ्या. लेखकाला वर्षभर आधी सांगा आणि मानधनही त्या वर्षाचं द्या.